उसना पंप

प्रिय बडबडे,

हे पत्र तुझी लेक तुला वाचून दाखवेल. ती वाचत असताना मध्ये बोलू नकोस, असं लिहिणार होते, पण बोललीस तर मला आनंदच होईल. शाळेत बाईंनी तुला बडबडी आणि मला घुमी ही नावं ठेवली ती साठ वर्षं पुरली. दोघींच्या वाटचं तू बोललीस, दोघींच्या वाटचं मी गप्प बसले. याआधी तीन पत्रं लिहिली आणि फाडली. तिन्हींत हवापाणी होतं, तब्येतीची चौकशी होती, आणि सांगायचं तेवढं नव्हतं. आजही सुरुवात इकडच्या बातम्यांनीच करते, नाहीतर हात पुढे सरकायचा नाही.

तुझं शेत तुला आता ओळखू येणार नाही. ज्या कंपनीने ते घेतलं तिने तिथे पत्र्याची लांबलचक शेड उभारली आहे. कुठून कुठून, जहाजांतून आलेली भाजी तिथे उतरते, पुसली जाते, प्लास्टिकमध्ये गुंडाळली जाते आणि वर हिरव्या पानाचं स्टिकर लागतं. सेंद्रिय! कोबी कापून तीन आठवडे झालेले असतात, पण कागद अगदी चोख. आणि ते स्टिकर कोण लावतं, सांग बघू? मीच. आठवड्यातून पाच दिवस, डोक्याला जाळीची टोपी घालून. माझं टेबल साधारण तुझ्या पाण्याच्या टाकीच्या जागी येतं. हसलीस ना? हस, तुझा हक्कच आहे. माझा कोबी दुकानदार आता घेत नाही. म्हणतो, तुमच्या पानांना भोकं असतात, त्यांच्या पानांना नसतात. मागच्या हंगामात निम्मा कोबी मी पुन्हा मातीत गाडला, आणि यंदा पेरलंच नाही. गांडुळं मात्र मजेत आहेत, त्यांना अजून कोणी काही सांगितलेलं नाही.

मी रासायनिक औषधं फवारणं सोडलं तेव्हा तू किती चिडवलं होतंस! नाकाने कांदे सोलते म्हणालीस, अळ्यांसाठी पाट मांडून ठेव म्हणालीस. तुझं आपलं नेहमीचं चालू होतं, पंप पाठीवर घ्यायचा आणि फवारायचं. पण दुसऱ्याच दिवशी तू बांधावरच्या खांबाला जुन्या चादरीची पट्टी बांधलीस. का, ते विचारलं तर म्हणालीस, वारा कुठे चाललाय ते बघायला. पट्टी माझ्या शेताकडे फडफडली की तू फवारायची नाहीस. कितीदा तरी औषध कालवून तयार असायचं आणि तू बांधावरून ओरडायचीस, अगं घुमे, वारा तुझ्याकडे आहे, आज राहू दे. त्यापायी तुझ्या कोबीत अळी शिरली तेही मी पाहिलं आहे. मला सेंद्रिय शेतीचं प्रमाणपत्र मिळायला तीन वर्षं लागली. ते जितकं माझं होतं तितकंच त्या पट्टीचं होतं. हे मी तुला तेव्हा सांगायला हवं होतं.

मग ते वर्ष आलं. तुला आठवत असेल, नसेल, म्हणून सगळं नीट सांगते. माझ्या कोबीवर माव्याची कीड पडली होती आणि माझ्या पंपाचा वायसर फाटला होता. दुकान दोन दिवस बंद. मी तुझ्याकडे आले आणि तुझा पंप मागितला. तू म्हणालीस, अगं, यात माझं औषध असतं, चालेल का तुला? मी म्हणाले, धुऊन घेईन. आमच्या प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी शिकवलं होतं की एक वेळ दुसऱ्याचा टूथब्रश वापरा, पण पंप उसना घेऊ नका. टाकी धुतली तरी नळीत आणि नोझलमध्ये औषध राहतं. मला हे पाठ होतं. तरी मी तो तीनदा धुतला, स्वतःची समजूत घातली आणि लसणाचा अर्क भरून फवारला. तुझ्या बांधालगतच्या आठ ओळींपर्यंत आले तेव्हा अर्क संपला, म्हणून त्या तशाच राहिल्या. या आठ ओळी लक्षात ठेव.

पुढच्या आठवड्यात प्रमाणपत्रवाल्यांचा तपासनीस आला, शेताच्या मधोमध उभा राहिला आणि पानं घेऊन गेला. पानांवर औषध सापडलं. परत आला तेव्हा तो बिचारा मलाच सांभाळून घेत होता. म्हणाला, शेजारून वाऱ्याने आलं असेल, अशा वेळी आम्ही समजून घेतो, एका हंगामाचं निलंबन, बस्स. स्वतःची चूक असती तर पुन्हा पहिल्यापासून तीन वर्षं. शेजारी कोणी फवारतं का, असं त्याने विचारलं. मी काहीच बोलले नाही, बडबडे. मी फक्त तुझ्या शेताकडे पाहिलं. त्याने लिहून घेतलं.

त्यानंतर काय झालं ते तुझ्या लेकीलाही माहीत आहे. आमच्या सेंद्रियवाल्या मंडळींनी बाजारात तुझं नाव खराब केलं. तुझ्या भाजीच्या टेबलासमोरून लोक पिशव्या छातीशी धरून जायला लागले. तू भांडली असतीस तर बरं झालं असतं. तू पंपाचा विषयसुद्धा काढला नाहीस, मला वाटतं तो तुझ्या डोक्यातच आला नाही. तू माझ्या दारात आलीस, उंबऱ्याबाहेरच उभी राहिलीस आणि माझी माफी मागितलीस. म्हणालीस, त्या दिवशी पट्टी बघण्यात माझी चूक झाली असणार. पुढच्या हंगामात तू बांधालगतची जमीन पडीक ठेवलीस आणि एकटीने तिथे झुडपांचं कुंपण लावलंस. मी खिडकीतून बघत होते आणि चोर सोडून संन्याशाला फाशी कशी देतात ते मला तेव्हा कळलं. तरी माझं तोंड उघडलं नाही. दोन वर्षांनी तू बाजारात यायचंच सोडलंस, आणि मग लेकीने तुला शहरात नेलं.

आता त्या आठ ओळी. तपासनिसाच्या त्या दुसऱ्या फेरीनंतर मी गुपचूप त्या ओळींतली पानं प्रयोगशाळेत पाठवली होती. वारा तुझ्याकडून आला असता तर सगळ्यात जास्त औषध तिथे सापडलं असतं. तिथे काहीच सापडलं नाही. तो कागद माझ्या बियाण्याच्या डब्यात सात वर्षं पडून होता. बी घ्यायला हात घातला की तोच आधी हाताला लागायचा. मागच्या महिन्यात तो मी प्रमाणपत्राच्या कार्यालयात पाठवला, सोबत सगळं खरं लिहिलं. दोन ओळींचं उत्तर आलं, की प्रकरण बंद झालेलं आहे आणि आता नोंद बदलता येणार नाही. बाजारातल्या मंडळींना सांगायला गेले, तर त्यातले निम्मे शेती सोडून गेलेत आणि उरलेल्यांना तुझं नाव आठवेना. माझी फार उशिरा जागी झालेली लाज आता कोणालाच नको आहे.

हे लिहायचं कारण असं की गेल्या आठवड्यात तुझ्या लेकीचा फोन आला. म्हणाली, आई आता मला ओळखत नाही, स्वतःचं नाव सांगत नाही, बोलणंही जवळजवळ थांबलंय. पण घरातली एकही खिडकी उघडी राहू देत नाही. एवढ्या उकाड्यात दिवसभर उठून सगळ्या खिडक्या लावते आणि एकच वाक्य म्हणते, वारा तिच्याकडे चाललाय. मावशी, ही ती कोण, असं तिने मला विचारलं. मला फोनवर सांगता आलं नाही. म्हणून पोरी, आता तुला लिहिते. ती मीच. हे पत्र आईला रोज सकाळी वाचून दाखव. दुपारपर्यंत ती विसरेल आणि पुन्हा उठेल, हे मला ठाऊक आहे. तू कंटाळशील तेव्हा सगळं नको वाचूस, एवढंच वाच: बडबडे, वारा तुझा नव्हता. पंप मी उसना नेला होता. खिडकी उघडी राहू दे.

तुझीच,
घुमी