बेल वाजली आणि पल्लवी पडली

प्रिय सुनी,

तू कशानं गेलीस ते आता कळलं गं. म्हणून लिहितेय.

मागच्या आठवड्यात तुझी पल्लवी इथं अकोल्याला, माझ्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होती. दारावरची बेल वाजली, पोरगी दचकली आणि धाडकन खाली! डोळे फिरले, ओठ निळे पडले. थोड्या वेळानं स्वतःच उठून बसली. "काही नाही झालं मले, मावशी."

तूही हेच म्हणायचीस ना? धामणगावला कुकरच्या शिट्टीनं दचकून पडलीस, तेव्हाही? किती वेळा पडलीस, कधी नीट सांगितलंस का? सगळ्यांनी मिरगी म्हटलं, तू मिरगीच्या गोळ्या खात राहिलीस. त्या पहाटे मोबाइलचा अलार्म वाजला आणि तू उठलीच नाहीस. लोक म्हणाले, अटॅक. इतक्या तरुण बाईला?

पल्लवीला अमरावतीला हृदयाच्या डॉक्टरांकडे नेलं. ईसीजीची पट्टी ते बराच वेळ बघत राहिले.

"घरात कोणी तरुणपणी अचानक गेलंय?"

तुझं सांगितलं. मग मामा आठवला. वरातीत कानाजवळ फटाका फुटला आणि तो नाचता नाचता पडला, तो गेलाच.

डॉक्टर म्हणाले, "ही मिरगी नाही. हृदयाच्या ठोक्यांचा आजार आहे, आई-वडिलांकडून मुलांत येतो. काहींचे ठोके आवाजानं दचकलं की बिघडतात. घरातल्या सगळ्यांचे ईसीजी काढा."

आईला बार्शीटाकळीहून आणलं. तिची पट्टी पल्लवीसारखीच निघाली! तिचा भाऊ गेला, लेक गेली. "मंग मी कशी वाचली वं माय?" तिनं विचारलं. डॉक्टर म्हणाले, हा आजार असूनही काहींना आयुष्यभर काहीच होत नाही.

माझी पट्टी चांगली आली. पल्लवीची आणि आईचीही गोळी सुरू झाली, एक दिवसही चुकवायची नाही. दुपारी तिचा डोळा लागला की माझी नजर तिच्या छातीवरून हलत नाही.

राहिली तुझी धाकटी रिया. काल तिच्या बाबांना, प्रकाशरावांना फोन करून तिचा ईसीजी काढा म्हटलं, तर चिडले. "काहून भेव दाखवून राहिल्या, ताई? पोरगी चांगली खेळून राहिली. परवा शाळेची घंटा वाजली तवा जराशी चक्कर आली, बस."

सुनी, ऐकलंस?

मी आत्ताच धामणगावला निघतेय. त्यांच्याशी भांडावं लागलं तर भांडेन, पण रियाला डॉक्टरांपुढे उभं केल्याशिवाय परत येणार नाही.

तुझी,
ताई