ताप मलेरियाचा नव्हता

१४ ऑक्टोबर

बीअर! आईले बीअर पाजा म्हणते मोठेबाबा!

आठ दिवस झाले, आईची डावी कमर दुखून राह्यली. चामोर्शीच्या डॉक्टरनं परवा सोनोग्राफी केली — मुतखडा. नऊ एमएमचा, नळीत अटकलेला. गोळ्या दिल्या, पाणी प्या म्हणले, दहा दिवसांनी दाखवा म्हणले. अन् बाबाचा मोठा भाऊ नथ्थू, म्हणजे आमचे मोठेबाबा, नदीपलीकडून बाटली घेऊन आले. आपल्या जिल्ह्यात दारूबंदी, म्हणून पिशवीत खाली बाटली अन् वरतून वांगे! आईनं दोन घोट घेतले अन् अंगणात ओकली. उरलेली कोणं पेली? मोठेबाबानं. "वाया जाईल ना बे," म्हणे.

त्याले खडा नाई, तरी सगळ्यात जास्त इलाज त्याचाच चालू हाये.

बाबा हासला. मी चुलीपाशी होती, काई बोलली नाई. मी बोलतच नाई कोणासमोर. मोठेबाबा मले मुकीच म्हणते. शाळेत मास्तर उभं करे अन् माह्या घसा बंद होये, पोट्टे हासत. नववीत सोडून देली शाळा. इथीच काय ते बोलतो, वहीत.

१६ ऑक्टोबर

कुळथाचं पाणी झालं. पानफुटीचा रस झाला. आता शेजारची बायनाबाई म्हणते कमरेले गरम वीट बांधा. आई जमिनीवर लोळून राह्यली, "माय वं, बाळंतपण परवडलं!" म्हणून. बाबा जाळं घेऊन तलावावर. दिवाळीच्या पहिले मासोळी काढा लागते म्हणे. काढ मासोळी!

१७ ऑक्टोबर

दुखणं थांबलं. सकाळी उठून आईनं अंगण झाडलं.

"पडला! पडला खडा!" मोठेबाबा साऱ्या मोहल्ल्यात सांगून आले, मंग बाबाले म्हणे, "बीअरनंच पडला! डोमा, तुह्या डॉक्टरनं पाचशेच्या गोळ्या देल्या, मी एका बाटलीत काम केलं."

मी आईले हळूच इचारलं, दिसला काय?

"नाई व उर्वशी. गेला असन कुठी."

हरभऱ्याच्या दाण्याएवढी मोठी गोष्ट, अन् गेली असन कुठी!

१८ ऑक्टोबर

दुपारी ताप आला. असा थंडीचा की तीन गोधड्या टाकल्या तरी खाट हालत होती. बाहेर ऊन!

बाबा आला, कपाळाले हात लावला, "मलेरिया." बायनाबाई, "मलेरियाच." मोठेबाबा दारातूनच, न पाहता, "मलेरिया, दुसरं काय!" या गावात माणूस थरथरला की मलेरिया. मागच्या वर्षी माह्या लहान भावाले, मिथुनले झाला, त्याच्या आधी बाबाले. त्याच्यामुळं या लोकायले वाटते, तापाले दुसरं नावच नाई!

आणि डॉक्टरनं साफ सांगतलं होतं. खडा असताना ताप आला, थंडी वाजली, लघवी कमी झाली, उलटी थांबेना — याच्यातलं एकही झालं तर तसंच निघून या. दुखणं थांबलं असलं तरी या. खडा अडून आत पू होते, अन् ते जहर रक्तात जाते. दहा दिवस गिनत बसू नका.

पण कोण आयकते या घरात डॉक्टरचं!

मिथुनच्या मागच्या वर्षीच्या उरलेल्या गोळ्या डब्यात होत्या. त्याच देल्या आईले. दहा वर्षाच्या पोट्ट्याच्या गोळ्या!

१९ ऑक्टोबर

संघप्रिया ताई आली, आमच्या गावची आशा सेविका. बोटाचं रक्त घेतलं, किटवर टाकलं. एकच लाईन.

"मलेरिया नाई आहे डोमाभाऊ."

"किट जुनी असन तुमची," मोठेबाबा म्हणे. "मले तीनदा झाला हाये, मले शिकवतं काय?"

"तुमाले झाला म्हणून गोकुळाबाईले होते काय जी?" ताई तडकली. मंग आईजवळ बसली. "बाई, दुसरं काई? कमर-बिमर दुखते? लघवी बरोबर होते?"

बाबा तिथीच उभा, मोठेबाबा दारात. आईनं तोंडावर पदर घेतला अन् म्हणली, "हो, बरोबर."

खोटं! साफ खोटं! सकाळपासून मीच नेऊन राह्यली तिले मागच्या अंगणात. दोनदा बसली अन् तशीच उठली.

ताई म्हणली, उद्यापर्यंत ताप नाई उतरला तर दवाखान्यात न्या. उद्यापर्यंत! तिची काय चूक. तिले जे सांगतलं ते तिनं आयकलं.

२० ऑक्टोबर

लघवी एकदाच झाली, वाटीभर. चहासारखी. "कोणाले सांगू नको," म्हणे आई.

२१ ऑक्टोबर, संध्याकाळ, दवाखान्यात

बाकावर बसून लिहितो.

सकाळी आईनं मिथुनले "भाऊ" म्हणून हाक मारली. तिचा भाऊ मरून बारा वर्षं झाले. मंग मले म्हणे, नाव आली काय, नदीपलीकडं जायचं हाये. डोळे उघडे, पण मले पाहून नाई राह्यली. बाबा तलावावर, मोठेबाबा त्याच्यासोबत. बाबाचा फोन चार्जिंगले लावलेला होता.

१०८ लावला. एक माणूस बोलला. मी ठेवून देला! आई तिकडं बडबडून राह्यली अन् मी फोन हातात घेऊन उभी — थू माह्यावर!

परत लावला.

"काय होतंय पेशंटला?"

"ताप. खडा हाये. सोनोग्राफीत निघाला."

"लघवी होते?"

भिंतीकडं तोंड केलं अन् म्हटलं, "नाई. कालपासून नाई." मंग तेच परत मोठ्यानं सांगा लागलं, त्याले आयकूच नाई आलं. मोठ्यानं! बायनाबाई कुंपणापलीकडून पाहत होती. पाहू दे.

गाडी आली तेव्हा बाबा चिखलानं भरल्या पायानं धावत आला. "कोणं बोलावली गाडी?"

"मी."

मोठेबाबा म्हणे, "मुकीनं?"

मी त्याच्याकडं पाह्यलं नाई, गाडीत बसली. अन् बाबा? बाबा म्हणे, "थांब, शर्ट बदलून येतो." शर्ट!

२२ ऑक्टोबर

जिल्ह्याच्या दवाखान्यात आईले आत नळी टाकली. डॉक्टरीणबाई म्हणली, आत पूच पू होता. अजून एक दिवस घरी राह्यली असती तर काई सांगता आलं नसतं. बीपी खाली हाये. दोन दिवस काईच पक्कं नाई.

मंग बाबाले धरलं. "ताप आल्याबरोबर का नाही आणलं?"

"मलेरिया समजलो जी."

"सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरनं काहीच सांगितलं नव्हतं?"

"नाई मॅडम. देवाशपथ. कोणीच नाई सांगतलं."

बाबाचा आवाज फाटला. मी भिंतीवरचा पंखा पाहत होती.

२३ ऑक्टोबर

ताप हाये. आई बोलत नाई. मोठेबाबा दोन केळं घेऊन आले अन् बाहेरच्या बाकावर बसून राह्यले. आता काऊन नाई बोलत? बोला ना!

२५ ऑक्टोबर

उतरला. आईनं पाणी मांगतलं. मंग मले म्हणे, "जेवली काय?"

बाहेर जाऊन लय रडली.

२६ ऑक्टोबर

बाबा आज येईल-जाईल त्याले सांगून राह्यला, "माह्या पोट्टीनं वाचवलं. आमाले काई समज नाई, तिले समजलं." मोठेबाबानं मले पहिल्यांदा उर्वशी म्हणलं.

एवढे दिवस सगळ्यायले शिव्या लिहिल्या. एक गोष्ट या वहीतही नाई लिहिली. चामोर्शीले सोनोग्राफी झाल्यावर आई कपडे नीट करत होती पडद्यामागं, बाबा खाली गोळ्यांच्या लायनीत. डॉक्टरनं ते सारं मलेच सांगतलं. ताप, थंडी, लघवी, सारं. "घरी सगळ्यांना नीट सांगशील ना?" म्हणले. मी मान हालवली.

बाबापुढं लघवीचा तो शब्द कसा काढू म्हणून कोणालेच नाई सांगतलं.