माझी गॅप चालू आहे

सोमवार, ३ तारीख. सकाळ.

रात्री झोप नाही. कारण छकुली. ती झोपली की मी तिच्या नाकाखाली बोट धरून बसते. श्वास लागतो बोटाला. मग वाटतं, पुढचा येईल ना? तो आला की त्याच्या पुढचा. असं करत उजाडतं.

मी काही घाबरट नाही. काळजी घेते. फरक असतो.

ह्यांनी पाहिलं. म्हणाले, हे काय वेड्यासारखं? सासूबाई लगेच म्हणाल्या, वेड्यासारखं कशाला, आई लवकर गेली तिची, पोर कसं सांभाळायचं ते कोण शिकवणार हिला. किती समजून घेतात माणसाला.

आजपासून ठरलं. रात्री झोपायचं. दहावीचा क्लास बुडवायचा नाही.

बुधवार.

क्लास. गणितात डुलकी लागली. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी सगळ्यांना विचारलं, शाळा का सुटली. कोणी म्हणालं पैसे, कोणी म्हणालं आजारपण. मी म्हटलं, माझी सुटली नाही, मी गॅप घेतलीय. आई गेली त्या वर्षी दादाला सांगितलं होतं, एकच वर्ष घेते. मग लग्न झालं. मग छकुली. गॅप चालू आहे.

मागच्या बाकावर हसले. हसू देत. आमच्या खाली डॉक्टरीणबाई राहतात, त्यांच्या मुलीने पण गॅप घेतलीय. ती फिरतेय, फोटो पाठवतेय. तिला कोणी विचारत नाही शाळा का सुटली. सगळे म्हणतात, वा, धाडसी पोरगी.

शनिवारी क्लासचा कार्यक्रम आहे. घरच्यांनाही बोलावलंय. प्रत्येकाने पाच मिनिटं बोलायचं. विषय: संस्कार, गॅप आणि आपल्या मनातली अढी. बाई म्हणाल्या, अढी सगळ्यांच्याच मनात असते. माझ्या मनात नाही. पण बोलीन.

गुरुवार, दुपार.

क्लासमध्ये बाळ आणायला परवानगी नाही. घरी सांगितलंय, मी छकुलीला सोबतच नेते. खोटं नाही ते. आमच्याच बिल्डिंगच्या जिन्यापर्यंत नेतेच. जिन्याखाली इस्त्रीवाली आहे, तिच्याकडे ठेवते. कपड्यांच्या गरम गठ्ठ्यांत छकुली अशी झोपते की काय सांगू.

इस्त्रीवाली त्यांच्यातली आहे. सासूबाईंना त्यांच्यातलं कोणी दारात आलेलं चालत नाही. मला काही नाही. फक्त छकुलीची चादर आपली नेते, बाटली आपली नेते. आणि तिने दिलेला चहा घेत नाही. चहा मला तसाही आवडत नाही. (आज घरी तीन कप झाले. झोप येत होती म्हणून.)

मी बोटाचं सांगितलं तिला. ती हसली. म्हणाली, अगं पोरी, तिचा श्वास तिला घेता येतो की, तू कशाला तिचं काम करतेस? सोपं आहे तिचं. चार मुलं झालीत तिला.

शुक्रवार.

ह्यांनी माझा फोन ठेवून घेतला. अभ्यास व्हावा म्हणून. मी काही बोलायच्या आत त्यांनाच सुचलं. दादाला रविवारी फोन करायचे, तोही आता दहावी पास झाल्यावरच. तो म्हणेल, तेव्हाच सांगत होतो, आधी शीक, मग लग्न कर. बस दुरुस्त करणारा माणूस, त्याला वाटतं सगळंच पाना घेऊन आवळता येतं.

उद्या सासूबाई येणार आहेत कार्यक्रमाला! मीच आग्रह केला. त्या एका दवाखान्यात आया आहेत, सुट्टी मिळणं अवघड, तरी येतायत. माझा बेत असा: सगळं खरं बोलायचं. खरं ऐकलं की माणूस विरघळतो. एकदा चारचौघांत ऐकलं की घरातली अढी आपोआप जाईल. मग छकुलीला लपवून खाली न्यायला नको.

शनिवार, संध्याकाळ.

झालं! जन्मात एवढ्या टाळ्या ऐकल्या नव्हत्या.

म्हटलं, डॉक्टरीणबाईंच्या मुलीची ती गॅप आणि माझी ती सुटलेली शाळा, असं का? म्हटलं, आमच्या घरी त्यांच्यातलं कोणी चालत नाही, पण माझी मुलगी रोज दुपारी त्यांच्यातल्याच एका बाईच्या टेबलाखाली झोपते. माझ्यापेक्षा त्या बाईजवळ शांत झोपते. मला मेलीला रात्र रात्र झोप नाही, भीती वाटते, त्या बाईला बघितलं की भीती जाते. मग संस्कार कोणाकडे आहेत, तुम्हीच सांगा.

बाईंनी डोळे पुसले. सासूबाई पुढच्याच खुर्चीत होत्या. चांगलं लुगडं नेसून आल्या होत्या. त्यांनी सगळ्यांत जास्त वेळ टाळ्या वाजवल्या. बाईंना म्हणाल्या, आमची सून गुणाची आहे हो.

घरी येताना भराभर पुढे चालत होत्या. भरून आलं असणार.

आज मी झोपणार.

रविवार.

आठला उठले! बोट न धरता झोपले. छकुली रडलीसुद्धा नाही.

पाळणा रिकामा होता. हे आणि सासूबाई पहाटे तिला घेऊन नणंदेकडे गेले. शेजारच्या काकूंकडे निरोप ठेवलाय, तुला झोपेची गरज आहे, दोन दिवस आराम कर. बघा. भाषणात एकदा म्हटलं झोप नाही, लगेच सोय केली.

गणिताचं पुस्तक उघडलं. दूध दाटून आलंय. ब्लाउज ओला झाला, पानही ओलं झालं. कोरडं झाल्यावर करते.

मंगळवार.

दोघं परत आले. छकुली नाही. म्हणाले, रुळली तिकडे. नणंदेला मूल नाही, तिलाही बरं वाटेल. मी म्हटलं, कधी आणायचं? हे म्हणाले, आधी एक सांग, त्या बाईकडे पोर कोणी दिलं? आवाज ऐकून जिन्यात चारपाच बिऱ्हाडं उभी होती. सासूबाई म्हणाल्या, माझ्या नातीच्या अंगाला वास येतोय तिचा.

मी फक्त एवढंच म्हटलं की तिनेच आग्रह केला. मी नको म्हणत होते, तिनेच ओढून घेतलं. छकुली परत यायला पाहिजे ना. आई आहे मी.

लगेच नाहीच म्हणाले. पण मनातून मऊ झालेत, कळतं मला.

बुधवार.

इस्त्रीवालीचं टेबल बाहेर काढलं. बिल्डिंगच्या लोकांनी ठरवलं. मी खिडकीतून पाहिलं. तिने इस्त्रीची वायर गुंडाळली, वर बघितलं. मला वाटलं शिव्या देईल. म्हणाली, पोरीचे पाय गार पडतात गं, मोजे घालायला सांग तिकडे.

तिला दुसरीकडे जागा मिळेलच. तिचा हात चांगला आहे.

क्लासला गेले नाही. हे म्हणाले, काही दिवस नको.

गुरुवार.

सासूबाईंच्या दवाखान्यातले डॉक्टर घरी आले. गोड बोलतात. विचारलं, रात्री बाळाच्या नाकाला बोट लावून बसता? मी म्हटलं, हो. खरं तेच सांगितलं. मग त्यांनी विचारलं, स्वतःचीच मुलगी परकी वाटते, दुसऱ्या बाईजवळ ती जास्त शांत असते, असं तुम्ही चारचौघांत बोललात? मी म्हटलं, तसं नाही, म्हणजे तसंच, पण तो विषय होता. सासूबाई पदर डोळ्याला लावून बसल्या होत्या. म्हणाल्या, मी तर टाळ्या वाजवल्या हो, सभेत तमाशा नको म्हणून.

उद्या मला एका ठिकाणी नेणार आहेत. बायकांचंच आहे. शांत असतं म्हणे. अभ्यासाला बरंच. मी विचारलं, पुस्तकं नेऊ का? डॉक्टर म्हणाले, बघू.

किती दिवस ते कोणी सांगितलं नाही. मी म्हटलं, निघायच्या आधी एकदा छकुलीला पाजून जाऊ दे. हे म्हणाले, तिला आता बाटलीची सवय लागली. आणि तिकडे तिला दुसऱ्या नावाने हाक मारतात. वळून बघते म्हणे.

बाळ कुठल्याही आवाजाला वळून बघतं. त्यात काही नाही.

शुक्रवार, सकाळ.

त्यात आहे.

गाडी येणार आहे. हे खाली वाट बघतायत, सासूबाई माझी पिशवी भरतायत. सगळ्या साड्या घातल्या. सगळ्या म्हणजे थोडे दिवस नव्हेत. पुस्तकं बाहेर काढून ठेवली. मोज्यांचं सांगितलं तर म्हणाल्या, तू आता तिची काळजी सोड.

मी न्हाणीघरात आहे. हे पान फाडून खिडकीतून खाली टाकते.

ज्याला मिळेल त्याला. मी वेडी नाही. अक्षर बघा, सरळ आहे. बोट धरत होते कारण भीती वाटत होती, मारायला नाही. इस्त्रीवालीने पोर ओढून घेतलं नव्हतं, मी दिलं होतं. ती भेटली तर तिलाही सांगा, मी खोटं बोलले.

माझ्या भावाला फोन करा. नंबर मागच्या बाजूला आहे. तो बस दुरुस्त करतो, हात तेलाचे असतात, पहिल्यांदा उचलणार नाही. परत लावा. म्हणा, तुमच्या धाकटीचा निरोप आहे, आधी नणंदेकडे जा, मुलीला घ्या, मग मला शोधा. पास झाल्यावर सांगणार होते म्हणावं, पण राहिलं. सावकाश या म्हणावं, घाई नाही.

नको. घाई आहे. आत्ताच लावा फोन.