इर्जिकीचं जेवण

अप्पा, कात्रजला ताईच्या गॅलरीत बसून हे लिहितोय. पाइप आणायच्या निमित्तानं पुण्यात आलो, आणि उद्या सकाळच्या एसटीनं खोऱ्यात परत जायचं की नाही, तेच ठरवता येत नाही. तुमची सून तिकडे एकटी आहे. वाघोलीचा फ्लॅट विकून तिथं घर बांधलं, भाताची खाचरं घेतली. त्यामुळे 'कंटाळलो, परत आलो' म्हणायचीही सोय उरली नाही.

कॉलेजात असताना एकदा ट्रेकहून आलो आणि म्हणालो, असं डोंगरात कुठंतरी राहायला हवं. तुम्ही कंपनीच्या कँटीनमधून नुकतेच आलेले, अंगाला कांद्याचा वास. चहा बशीत ओतता ओतता म्हणालात, "ज्या रस्त्यानं मी पळत आलो, त्याच रस्त्यानं तू हौसेनं निघालास होय? तिथं आधी जात विचारतात, मग पाणी." काळ बदललाय, मी म्हणालो. तुम्ही 'बरं' म्हणून उठलात.

पहिलं वर्ष खरंच कुणी विचारलं नाही. आपलं आडनावही असं, की कुणाचंही असावं. आम्ही नुसते 'पुण्याचे' होतो. या पावसाळ्यात आमच्या लावणीची इर्जिक ठरली. म्हणजे वस्तीनं एकाच्या खाचरात राबायचं आणि त्या घरानं सगळ्यांना जेवू घालायचं. त्या दिवशी मी तुमच्या पद्धतीनं मटकीची उसळ करतोय, मोठं पातेलं भरून. घर नुकतंच पुरं झालेलं, भिंतीवर तुमचा फोटो आणि शेजारी निळ्या कोटातली तसबीर. शेजारच्या काकू पाणी प्यायला आत येतात, भिंतीकडे बघतात आणि पाणी न पिताच बाहेर जातात. लावणी मात्र सगळी झाली, एक वाफा कुणी सोडला नाही. मग जेवायच्या वेळी कुणाला एकादशी आठवली, कुणाचं पोट बिघडलं, कुणाची म्हैस अडली. एका दिवसात एवढे उपास मी कुठल्या कॅलेंडरात पाहिले नव्हते. सगळे गोडच बोलत होते, मग भांडायचं तरी कुणाशी?

काकू तेवढ्या मागं थांबल्या. खाली बघत म्हणाल्या, "राग मानू नका, दादा. आमाला हितंच ऱ्हायाचं हाय."

आणि मी हात जोडून म्हणालो, "छे हो, राग कसला? चूक आमचीच. तिथी बघायला हवी होती."

तुमच्या सुनेनं ते ऐकलं. तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलते, आणि मला तिची समजूत काढता येत नाही, कारण काय सांगू?

तुम्ही असतात, तर हे लिहिलं नसतं. फोनवर विचारलं असतंत, तर सांगितलं असतं, उसळ संपली.