अडवलेला धूमकेतू

३ मार्च, मंगळवार

लिहून टाकते, नाहीतर आज डोळा लागायचा नाही.

सकाळी वेधशाळेत, नव्या शोधांच्या नोंदणीच्या माझ्या टेबलावर आलेल्या अहवालांत बाबांचा अहवाल. ‘दीर्घिकेच्या कडेला नवा ठिपका. सुपरनोव्हा असावा. ताबडतोब जाहीर करा.’ फुटणारा तारा! मी हरखलेच! म्हातारा अजून भल्याभल्यांना पाणी पाजतोय म्हटलं. मग जुना नकाशा काढून ताडून पाहिलं. तो साधा तारा आहे. आपल्याच आकाशगंगेतला, मधे आडवा येणारा. नवशिके त्याला हमखास फसतात, म्हणून नकाशावर त्याच्याभोवती लाल गोल काढून ठेवलाय. तो गोल बाबांनीच काढलाय. चाळीस वर्षांपूर्वी. खाली सही त्यांचीच.

अहवाल पुसून टाकला. कुणाला अवाक्षर बोलले नाही.

४ मार्च

बाबांना फोन केला. ‘कुठला सुपरनोव्हा?’ म्हणाले. मी विषय बदलला.

७ मार्च, शनिवार

बाबांकडे जाऊन आले. घर लख्ख, दुर्बीण झाकलेली, चहा नेहमीसारखा कडक. जरा हायसं वाटलं. मग त्यांची निरीक्षणाची वही चाळली. गुरुवारची रात्र तीनदा लिहिलेली! ओळीला ओळ तीच.

‘बाबा, हे काय?’

‘खातरजमा गं, ठमे!’ आणि हसले. मीही हसले. काय करणार? डॉक्टरांचं नाव काढलं, तर म्हणे, ‘माझं काय बघतेस, दुर्बिणीची आरसा-पुसणी राहिलीय ती बघ.’

येताना जिन्यात बसून राहिले. भीती वाटतेय. फार.

११ मार्च

आमच्या कक्षप्रमुख मॅडमनी यादी मागितली. आमच्याकडे तेरा जणांची यादी आहे. बाकी कुणी आकाशात काही नवं पाहिलं, तर दुसऱ्या कुणालातरी तेच दिसेपर्यंत आम्ही थांबतो. या तेरा जणांचा मात्र एकट्याचा शब्द पुरतो. एक चूक जाहीर झाली की नाव कट. बाबा तीस वर्षं पहिल्या नंबरावर आहेत. त्या नावावरच तर जगताहेत! ते गेलं तर अंथरूणच धरतील.

‘सगळे ठणठणीत आहेत ना?’ मॅडम म्हणाल्या.

‘हो.’ जीभ झडली कशी नाही माझी!

१६ मार्च, सोमवार

बाबांचा अहवाल. धूमकेतू! पहाटे, पूर्वेला अगदी क्षितिजालगत, उजाडत्या आभाळात, जिथे मोठ्या दुर्बिणी बघतच नाहीत. जागा, शेपटीची दिशा, सरकण्याचा वेग, सगळं टापटीप. धूमकेतूंच्या यादीत शोधलं — त्या जागी माहितीतला एकही धूमकेतू नाही.

म्हणजे खरंच नवा. किंवा तिथे काहीच नाही.

इथे ढग आहेत, स्वतः बघता येत नाही. पुढे पाठवला तर जगभरच्या दुर्बिणी तिकडे वळणार. आणि नसलाच तर? नोंदच केली नाही. अहवाल छापून खणात टाकला. शोध कुणाचा, ते आमच्या टेबलावरच्या नोंदीच्या वेळेवरून ठरतं, हे मला पाठ आहे. तरी टाकला.

१७ मार्च

ढगच. ‘ठमे, काही कळलं का गं?’ — बाबा, सकाळपासून चौथ्यांदा. ‘काम चालू आहे,’ मी चौथ्यांदा.

१८ मार्च

खरा होता. खरा होता!

परदेशातल्या एका शाळामास्तरांचा अहवाल आला. धूमकेतू तोच, दोन दिवसांत सरकायला हवा तेवढाच सरकलेला. दुसऱ्या एका केंद्रानेही पाहिला. दहा वाजता जाहीर झाला — मास्तरांच्या नावाने. नोंद मीच केली. मग हात धुवायच्या खोलीत जाऊन नळ सोडून रडले.

१९ मार्च

बाबांना सगळं सांगितलं. लाल गोल, वही, खण, सगळं. मग म्हणाले, ‘धूमकेतू काय आपल्या बापाचा आहे का?’ आणि स्वतःच खो-खो हसले. मग एकदम गंभीर. ‘हे कळलं तर तुझ्या नोकरीचं काय?’

मी म्हटलं, उद्या मीच सांगणार आहे.

२० मार्च

सांगितलं. मॅडम लालबुंद. ‘घरचा मामला टेबलावर आणलास? तुला काही वाटलं नाही?’ सोमवारी दुपारी चौकशी. बाबांचं नाव धूमकेतूला जोडायचं का, तेही तेव्हाच ठरणार. नोकरी बहुतेक गेली. गंमत म्हणजे त्याची भीती वाटत नाही. दुसरी भीती मात्र मानेवर बसलीय, उतरत नाही.

२३ मार्च, सोमवार

चौकशीआधी टेबलावरचा फोन वाजला. मी नेहमीसारखं म्हटलं, ‘नोंदणी कक्ष, बोला.’

बाबा होते. ‘नमस्कार बाई. तुमच्याकडे माझी मुलगी कामाला आहे. तिला काढू नका हो. तिने अहवाल अडवला तो माझ्या काळजीने. मला हल्ली आठवत नाही, हे तिला माझ्याआधी कळलं.’

‘बाबा...’ म्हणायचं होतं. पण ते बोलतच होते.

‘आणि एवढं करा. मी फोन केला होता, हे तिला कळू देऊ नका. फार घाबरट आहे हो पोर.’

‘बरं,’ मी म्हटलं. ‘नाही सांगत.’