शर्टावर छापलेली आत्या

चंडीगड, रविवार

तीर्थस्वरूप सुहासिनीआत्यास हेरंबचा साष्टांग नमस्कार. आम्ही इकडे ठीक आहोत. तुझा खोकला आणि दिगंबरकाकांची साखर दोन्ही उतरली असेल, अशी आशा आहे. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून पत्र.

तुझ्या भाचेसुनेने, म्हणजे ऋताने, शाळेतली नोकरी सोडून तुझ्या कृतीचं मेतकूट विकायला काढलं, हे तुला माहीत आहेच. (नाव ‘आत्याचं मेतकूट’. ते ऐकून तू खूश झाली होतीस, हे कृपया आठवावं.) पण इथे मेतकूट माहीत असलेली घरं बोटांवर मोजण्याइतकी, आणि ती आपापलं मेतकूट गावाहून आणतात. म्हणून सेक्टर १७ च्या चौकातल्या तीन दिवसांच्या खाद्यमेळ्यात तिने स्टॉल घेतला. नाही जमलं तर निमूट शाळेत परत, असं तिने स्वतःला बजावलं होतं. स्टॉलवर सगळ्यांनी सारखे छापील टी-शर्ट घालायचे ठरले. अंकुर नावाच्या डिझायनरने तिला विचारलं, की तुमचा ब्रँड माणूस असता तर कसा असता? ती म्हणाली, खमंग, कडक आणि भेसळ न खपवून घेणारा. अशा माणसाचा फोटो आमच्याकडे एकच निघाला. माझ्या मुंजीत तू आचाऱ्याकडे बघते आहेस, तो. (जिलब्या कमी पडल्या होत्या.) अंकुरने फोटो बघितला आणि नकळत स्वतःच्या शर्टाचं वरचं बटण लावलं. मग म्हणाला, “बस. यही है.”

छपाई पिंजौरला, साठाच्या खाली ऑर्डर नाही. छापणारा सज्जन माणूस, पण त्याला आत्या कळेना की मेतकूट कळेना. ऋता तेव्हा डाळी भाजत होती. तिने फोनवरच समजावलं, की आत्या मतलब बुआ जी, और मेतकूट मतलब सब भूनकर, पीसकर. तो म्हणाला, “लिख लिया जी.” मेळ्याच्या सकाळी गठ्ठा उघडला, तर साठ हळदी रंगाच्या शर्टांवर छातीभर तू, आणि खाली ठळक अक्षरांत: ‘बुआ जी. भूनकर, पीसकर.’

बदलायला वेळ नव्हता. पहिल्या दिवशी लोक लांबूनच हसून पुढे गेले, मेतकूट कोणी चाखलंसुद्धा नाही. ऋता पडद्यामागे जाऊन रडली. मी काही बोललो नाही. (बोललो असतो तर काय झालं असतं, ते शर्टावर लिहिलेलंच होतं.) दुसऱ्या दिवशी नरेंद्र नावाचे कबड्डीचे एक धिप्पाड प्रशिक्षक आले, शर्टापुढे हात मागे बांधून उभे राहिले आणि म्हणाले, “इनकी आँखों में दम है जी.” त्यांना संघासाठी शर्ट हवे होते. ऋताने डोळे पुसले आणि सांगितलं, की शर्ट सुटा मिळणार नाही, सोबत मेतकूट घ्यावंच लागेल. हे ती अगदी तुझ्या आवाजात म्हणाली. संध्याकाळपर्यंत तेच चाललं. तिसऱ्या दिवशी निम्मे लोक शर्टाचं नावही न काढता परत आले. त्यांनी मेतकूट लोणी लावलेल्या पराठ्यावर भुरभुरून खाल्लं होतं. (तू हे वाचलं नाहीस असं समज.) डबे रिकामे झाले. शाळेचा विषय घरात पुन्हा निघालेला नाही.

मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.
तुझा
हेरंब

ता. क. – अंकुर म्हणतो, चेहरा वापरायला तुझी लेखी परवानगी लागते. सोबतच्या कागदावर सही करून पाठव.

ता. क. २ – फोटो ऋताने निवडला असा वरच्या मजकुरावरून समज होईल. मी निवडला.

ता. क. ३ – काकांना एक शर्ट आधीच पाठवला होता. ते रोज सकाळी तो घालून फिरायला जातात आणि शेजारच्यांच्या गच्चीवर वाळत घालतात. त्यांनी ज्येष्ठ नागरिक संघासाठी आणखी बारा मागवले आहेत. तेव्हा सही जरा लवकर कर.