अनंताचा दोरा आणि मेंदूवाले सर

९ सप्टेंबर २००३, अनंत चतुर्दशी
दोरा बांधला. दहा वर्षांमागे अनंत चतुर्दशीच्याच रात्री हा दोरा मनगटाला आवळला म्हणून मी उठले. भूकंपात मागची भिंत पडायच्या आत घरच्यांना बाहेर काढलं, शेजारच्या नीलम्मालाही. ती मात्र सांगत फिरते, अक्काच्या दाराची कडी मीच वाजवली. निलंग्याकडची बाई, रचून बोलायची सवयच. तीस तारखेला भूकंपाला दहा वर्षं होतील, महिला मंडळात त्याची आठवण एकीनेच सांगायची आहे. अर्थात मीच.

१४ सप्टेंबर
लेकीच्या, श्रद्धाच्या क्लासचे बायोलॉजीचे सर मंडळात मेंदूवर बोलले. म्हणे, आठवण जपून ठेवलेली साडी नाही, मेंदू ती दर वेळी नव्याने विणतो. गोष्ट रचतो तोच मेंदू आठवतोही. ऐकणाऱ्याचा मेंदूसुद्धा सांगणाऱ्यामागे चालतो. लातुरात किराणा दुकानांपेक्षा क्लासेस जास्त झाले, मग असलंच शिकवणार. मी मॅट्रिक, पण माझ्या डोक्यात विणकाम नाही. सर नीलम्माबद्दलच बोलत असणार.

१५ सप्टेंबर
श्रद्धा विचारायला लागली, आधी दोरा आवळला म्हणायचीस, आता देवाने नाव घेऊन हाक मारली म्हणतेस. दोन्ही झालं. देवाला काय एकच काम असतं? तिला गवार निवडायला बसवलं.

२२ सप्टेंबर
नळावर चौघींदेखत नीलम्माला सुनावलं. माझा घरखर्चाचा रोजचा हिशोब लग्नापासून लिहिलेला आहे, त्र्याण्णवची वही स्टेजवर आणते म्हटलं. तिने हंडा उचलला. जाताना एवढंच, अक्का, तुमी म्हणताव तसंच असंल.

२८ सप्टेंबर
वही सापडली. अक्षर माझंच. 'अनंताचा दोरा घेतला नाही, आठ आणे वाचले.' खाली, 'पहाटे नीलम्माने कडी वाजवली म्हणून भिंतीखाली सापडलो नाही. तिला नारळ द्यायचा.' नारळाचा खर्च पुढे कुठेच नाही.
घाईत लिहिलं असणार. भूकंपात हात हलतो.

३० सप्टेंबर
पिशवीत वही नेली. सोबत एक नारळ. माझं नाव पुकारलं तेव्हा घसा बसलाय म्हटलं, नीलम्माला बोलू द्या.
ती उठली. म्हणाली, "मला आधी वाटायचं कडी मीच वाजवली. पर धा वर्सं अक्काचं ऐकून ऐकून आता माझ्याबी डोळ्यापुढं दोराच येतो. अक्कानंच वाचवलं मला."
टाळ्या. मागे बसलेले सर खूश होऊन मान डोलवत होते.
मग तिने स्टेजवरून उतरून माझ्या ओटीत नारळ घातला. मी घेतला.
दोन नारळ घेऊन घरी आले.